अरणगावची टेकडी आणि पाहुण्यांची नजर

बॉबी मॅकफेरिन या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाचे ‘डोंट वरी, बी हॅपी’ हे गाणे १९८८ साली जगभर गाजले. आजही असंख्य लोक ते जमैकाच्या बॉब मार्लेचे गाणे समजतात. वास्तविक मार्ले १९८१च्या मे महिन्यातच मरण पावला होता. शिवाय गाण्याच्या शीर्षकातील शब्दांचे मूळ जमैकात नसून अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, शहराजवळच्या अरणगावात आहे. ज्यांची समाधी तेथील टेकडीवर आहे त्या मेहेरबाबांचे ते शब्द. बाबांच्या छायाचित्राखाली ते छापलेली भित्तिपत्रके अमेरिकेत पसरली होती. त्यांपैकी एक सॅन फ्रान्सिस्को येथे मित्रांच्या घरी मॅकफेरिनच्या पाहण्यात आले आणि त्यातून गाणे जन्मले. दुष्काळी नगर जिल्ह्यातील वचन अशा रीतीने कॅरिबियन समुद्रातील एका बेटाच्या नावावर जमा झाले.

ही चूक विनोदी वाटेल. पण ती का घडली हे पाहू गेल्यास विनोद संपतो. श्रीमंत देशांतील श्रोत्याच्या मनात उष्ण कटिबंधातील गरीब माणसाचे एक ठरीव चित्र असते. हा माणूस दरिद्री आहे, पण निश्चिंत आहे. त्याच्यापाशी काही नाही, म्हणूनच तो सुखी आहे. जमैका काय किंवा नगर जिल्हा काय, या चित्रात दोन्ही सारखेच बसतात. बाबांच्या उपदेशात प्रथम आपल्या हातून होईल ते सर्व करावे आणि मग चिंता सोडावी, असा क्रम होता. प्रवासात त्यातले ‘करावे’ गळाले आणि ‘चिंता सोडावी’ एवढेच शिल्लक राहिले. त्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज बुश यांच्या प्रचारात हे गाणे वाजविण्यात आले आणि मॅकफेरिनला त्याविरुद्ध आवाज उठवावा लागला. जनतेने चिंता करू नये, हे सत्ताधाऱ्यांना नेहमीच सोयीचे असते.

परदेशी प्रवासी आणि स्थानिक जनता एकमेकांकडे कोणत्या नजरेने पाहतात, हा प्रश्न पर्यटन खात्याच्या अखत्यारीतला मानून चळवळीने सोडून दिला आहे. नगर जिल्ह्यात मात्र तो दाराशी उभा आहे. त्याचे स्वरूप समजण्यासाठी आधी जमैकाचे उदाहरण पाहणे उपयोगी ठरेल.

जमैका १६५५ मध्ये इंग्रजांनी स्पेनकडून घेतले आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर तेथे उसाचे मळे उभे केले. १८३८ मध्ये गुलामगिरी पूर्णपणे संपली, तेव्हा मळेवाल्यांनी स्वस्त मजुरांसाठी हिंदुस्थानकडे मोर्चा वळविला. १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार भारतीय करारबद्ध मजूर जमैकात नेण्यात आले. त्यांच्यासोबत चिलीम गेली आणि ‘गांजा’ हा शब्दही गेला; जमैकाच्या बोलीत तो आजही तसाच आहे. १९३०नंतर तेथील दरिद्री कृष्णवर्णीय वस्त्यांत रास्ताफारी पंथ उदयास आला. त्याचा एक आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल याने आपल्या पुस्तिकेसाठी ‘गंगुंगुरू महाराज’ अशा अर्थाचे हिंदी वळणाचे टोपणनाव घेतले होते. इथिओपियाच्या सम्राटात ईश्वर पाहणाऱ्या, जटा राखणाऱ्या आणि गोऱ्यांच्या साम्राज्याला ‘बाबिलोन’ म्हणणाऱ्या या पंथाने वसाहतवादाने पायदळी तुडविलेल्या माणसाला स्वतःकडे अभिमानाने पाहावयास शिकविले. सम्राटाला देव मानणे समाजवाद्यास पटणारे नाही. परंतु त्या श्रद्धेच्या पोटातील बंड ओळखू न येणे हा आंधळेपणा ठरेल.

जमैकाच्या प्रस्थापितांनी रास्तांना गुन्हेगार ठरविले. गांजावर १९१३ पासून बंदी होतीच. हॉवेलने वसविलेली ‘पिनॅकल’ ही वसाहत १९५४ मध्ये पोलिसांनी उद्ध्वस्त केली. स्वातंत्र्यानंतर वर्षही झाले नव्हते, तोच १९६३च्या एप्रिलमध्ये कोरल गार्डन्स येथील हिंसाचाराचे निमित्त करून रास्तांची सरसकट धरपकड झाली. त्यांना मारझोड झाली, त्यांच्या जटा सक्तीने कापण्यात आल्या. याबद्दल सरकारने क्षमा मागितली ती २०१७ साली. या मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली. मार्लेच्या संगीताने जग जिंकले, आणि ज्या जटांसाठी माणसे तुरुंगात गेली त्याच जटा चित्रपत्रांवर, टोप्यांवर व हॉटेलांच्या जाहिरातींवर झळकू लागल्या. प्रवाशांना हव्या असतात म्हणून जटा वाढवून किनाऱ्यावर फिरणारे तरुण निर्माण झाले. जमैकाचे लोक त्यांना ‘भाड्याचे जटाधारी’ अशा अर्थाच्या शब्दांनी हिणवतात. बंडाची खूण बाजारात विकावयास निघाली, आणि विकणारा पुन्हा गरीबच.

प्रवाशाला तेथे दिसतो समुद्र, संगीत आणि ‘काही अडचण नाही’ म्हणून हसणारा चेहरा. कुंपणाच्या आत खाणे, पिणे, खेळणे असे सर्व काही एकाच दरात मिळत असल्यामुळे पुष्कळांना बाहेर पडण्याची गरजच भासत नाही. कुंपणाबाहेरच्या जमैकन माणसाला मात्र स्वतःच्या बेटाच्या किनाऱ्यावरही मुक्त प्रवेश नसतो. १९५६च्या किनारा नियंत्रण कायद्याने जनतेचा असा सरसकट हक्क मानलेला नाही. त्याच्या नजरेत प्रवासी म्हणजे चालते-बोलते डॉलर. त्याचे हसू हा नोकरीचा भाग असतो. दोघे एकमेकांसमोर उभे राहतात. पण एकाला नंदनवन दिसते आणि दुसऱ्याला पगाराचा दिवस.

आता अरणगावकडे वळावे. शहरापासून दौंडच्या रस्त्याने काही किलोमीटरवर हे गाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्कराने वापरून सोडलेल्या तेथील जागेत मेहेरबाबा १९२३ मध्ये प्रथम आले. १८९४ साली पुण्यात एका इराणी कुटुंबात जन्मलेल्या बाबांनी १० जुलै १९२५ रोजी येथेच मौन धारण केले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. आरंभीच्या काळात येथे दवाखाना आणि शाळा निघाली. अस्पृश्य मुलांना त्या शाळेत इतरांबरोबर घेण्यात आले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९३१ मध्ये बाबा ज्या ‘राजपुताना’ बोटीने विलायतेस गेले, तिच्यावरच गोलमेज परिषदेस निघालेले गांधीजी होते. त्यानंतर पाश्चात्त्य शिष्य येऊ लागले. १९६९नंतर समाधीच्या दर्शनासाठी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया येथून येणाऱ्यांचा ओघ सुरू झाला. १९८० मध्ये त्यांच्यासाठी यात्रिनिवास झाला, २००६ मध्ये नवे मोठे निवासस्थान उभे राहिले. न्यासातर्फे दवाखाना व शाळा आजही चालते आणि अरणगाव पंचक्रोशीला तिचा लाभ होतो, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. येथे दारूचे गुत्ते नाहीत, नाचगाण्याचे अड्डे नाहीत. गावातला माणूस आणि परदेशी यात्रेकरू एकमेकांना ‘जय बाबा’ म्हणून नमस्कार करतात. जमैकाच्या किनाऱ्याची कळा येथे मुळीच नाही.

म्हणूनच प्रश्न अधिक शुद्ध रूपात समोर येतो. दोन्हीकडे सद्भाव असूनही नजरेतील अंतर उरते, ते कशामुळे?

यात्रेकरूला टेकडीवर शांतता लाभते. मोकळे माळ, कडुलिंबाची सावली, गुरे घेऊन परतणारी बाई, संध्याकाळची आरती. हे सारे पाहून त्याला वाटते की आपल्या देशाने हरवलेले समाधान येथे शाबूत आहे. त्याच्या भावनेत खोटे काही नाही. परंतु एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत यात्रिनिवास बंद ठेवण्याची प्रथा आहे. उन्हाळ्याच्या तापात दूरदेशीच्या पाहुण्यांना त्रास होऊ नये, हे योग्यच. पण नगर जिल्ह्याचे खरे दर्शन नेमके त्याच तीन महिन्यांत घडते. विहिरी तळ गाठतात, टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात, जनावरांच्या चाऱ्याचा घोर लागतो, आणि पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे हंगाम संपवून कोयते घेऊन घरी परततात ती उचल फिटली की नाही या विवंचनेत. पावसाळ्यानंतरचे हिरवे शिवार आणि हिवाळ्याची निवांत दुपार पाहून गेलेल्या माणसाच्या स्मृतीत जो ‘समाधानी भारत’ राहतो, त्याचे वर्ष नऊ महिन्यांचे असते.

गावाची नजरही निर्दोष नाही. परदेशी माणूस दिसला की तो श्रीमंत आहे, हे गृहीत धरले जाते. तो तिकडे शाळामास्तर, परिचारिका किंवा सुतार असेल. अनेक वर्षे पैसे साठवून आला असेल. म्हातारपणी आपल्याला कोण पाहील या काळजीत असेल, हे कोणाच्या मनात येत नाही. एकटी फिरणारी परदेशी स्त्री म्हणजे सैल वर्तनाची, अशी कुजबुज होते. आणि कातडीचा रंग गोरा असला की मान आपोआप लवते. तोच पाहुणा आफ्रिकेतून आला तर मात्र पाहण्याची तऱ्हा बदलते. पुण्या-मुंबईत शिकावयास येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना घर भाड्याने मिळताना काय ऐकावे लागते, हे ध्यानी घेतल्यास जमैकाच्या माणसाबद्दल येथे कोणती नजर असेल ते वेगळे सांगावयास नको. जातीच्या शाळेत शिकलेली ही नजर आहे.

या दोन नजरांच्या मुळाशी मनाचा कोतेपणा आहे, असे नीतिवादी सांगतील. तो आहेच, पण त्याच्या खाली भक्कम भौतिक पाया आहे. श्रीमंत देशाचे पारपत्र बाळगणारा माणूस संगणकावर अर्ज करून भारतात येऊ शकतो. अरणगावच्या शेतमजुराला त्या माणसाचे गाव पाहण्याची इच्छा झाली, तर बँकेतील शिल्लक, जमिनीचा उतारा आणि परत येण्याची हमी, इतके पुरावे जमवून मुंबईच्या वकिलातीपुढे उभे राहावे लागेल. आणि तरीही नकार मिळण्याची शक्यता अधिक. एकाला पाहण्याचा अधिकार आहे, दुसऱ्याच्या वाट्याला केवळ पाहिले जाणे आले आहे. पाहिले जाणारा माणूस हळूहळू दुसऱ्याच्या मनातील चित्राप्रमाणे वागू लागतो, कारण त्याची भाकरी त्या चित्राशी बांधलेली असते. जमैकाच्या भाड्याच्या जटाधाऱ्याचे रहस्य हेच आहे.

हे चित्र यजमानाला मोडता येते, याचा पुरावाही याच टेकडीने दिला आहे. १९६०नंतरच्या दशकात अमेरिकेतील तरुण पिढी युद्धाला आणि यंत्रवत जीवनाला विटून पूर्वेकडे धावू लागली, तेव्हा तिच्या मनातील भारत म्हणजे साधू, चिलीम आणि अमली द्रव्यांतून मिळणारी समाधी. असे तरुण बाबांकडे आले. १९६६ साली बाबांनी स्पष्ट बजावले की एलएसडीसारख्या गोळीतून ईश्वर भेटत नाही. ही द्रव्ये शरीराला, मनाला आणि आत्म्याला हानिकारक आहेत. पाहुण्याला हवा होता तो भारत विकण्याचे त्यांनी नाकारले, आणि पुष्कळांनी ती सवय सोडली. बाबांचे ईश्वरविषयक दावे मान्य करण्याची येथे गरज नाही. यजमान ताठ मानेने बोलला तर पाहुणा ऐकतो, एवढा धडा पुरेसा आहे.

याउलट संस्कृतिरक्षकांची तऱ्हा. १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या हिंदी चित्रपटाने हिप्पी म्हणजे व्यसनी व भ्रष्ट, ही प्रतिमा घराघरांत पोहोचविली. गोव्यातील कळंगुट-हणजुणे येथील किनाऱ्यांवरून येणाऱ्या बातम्यांनी तिला खतपाणी घातले. परदेशी माणसाला पापाचे प्रतीक ठरविणारे हे लोक त्याच किनाऱ्यांवर जमिनी घेऊन हॉटेले बांधणाऱ्या देशी भांडवलदाराबद्दल मात्र चकार शब्द काढीत नाहीत. परकीयद्वेष हा गरिबांच्या संतापाला चुकीच्या दाराशी नेऊन सोडण्याचा जुना मार्ग आहे. समाजवादी कार्यकर्त्याने त्या वाटेला जाता कामा नये.

नगरने परदेशी माणसाची अनेक रूपे पाहिली आहेत. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने सकाळी पेठेचा तट चढून जाऊन शहर घेतले. हे अजब लोक लढाई आटोपून न्याहारीला परतले, अशा अर्थाचे आश्चर्य एका मराठा सरदाराने पुण्यास कळविल्याचे सांगतात. त्या आश्चर्यात नजर होती, परंतु प्रतिकाराचे बळ उरले नव्हते. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक आले. धर्मांतराचा हेतू आणि आपला धर्मच खरा हा अहंकार त्यांच्यापाशी होता, हे खरे. पण ते राहिले, मराठी शिकले, १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ काढू लागले. मराठीत बोलू लागल्यामुळे त्यांना मराठीत उत्तर देता येऊ लागले. वाद घालता येऊ लागला. १८३९ मध्ये नगरला आलेल्या सिंथिया फरार यांनी मुलींच्या शाळांत आयुष्य वेचले आणि १८६२ मध्ये त्या नगरातच वारल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. बाहेरून आलेली बाई आणि येथली बाई, दोघी एका फळ्यासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा एकमेकींकडे पाहण्याऐवजी दोघींनी मिळून समोरच्या अंधाराकडे पाहिले.

समाजवादी चळवळीचे नगरशी असलेले नातेही हेच सांगते. नगरचे सुपुत्र अच्युतराव पटवर्धन यांच्या घरावर थिऑसफीचा संस्कार होता. म्हणजे ॲनी बेझंट या परदेशी स्त्रीच्या विचारांचा वारसा त्यांना मिळाला होता. आयुष्य या देशाच्या स्वराज्याशी जोडून टाकणारी ही बाई पाहुणी राहिलीच नव्हती. १९४२ ते १९४५ या काळात नगरच्या भुईकोट किल्ल्यात आचार्य नरेंद्र देव आणि पंडित नेहरू स्थानबद्ध होते. नेहरूंनी तेथेच भारताच्या शोधाचा आपला ग्रंथ लिहिला. स्वतःच्या देशाचे चित्र दुसऱ्याच्या हाती न ठेवता स्वतः रेखाटण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो बंदिवासात झाला.

भारतीय माणूस परदेशात प्रवासी म्हणून गेला तर त्याने कसे वागावे, याचा वस्तुपाठ डॉ. राममनोहर लोहिया यांनी घालून दिला आहे. १९६४च्या मे महिन्यात मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरी एका उपाहारगृहात कातडीच्या रंगामुळे त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. दुसऱ्या दिवशी धोतर-कुर्ता नेसून ते पुन्हा तेथे गेले आणि अटक करवून घेतली. माननीय पाहुणा म्हणून मिळणारी सवलत त्यांनी झिडकारली आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या रांगेत ते उभे राहिले. ज्या देशात जावे त्या देशाच्या दुःखाशी नाते जोडावे, हा त्याचा अर्थ.

हे सर्व आज सांगण्याचे कारण आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये काकडी येथे शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. शिर्डी, शनिशिंगणापूर, मेहेराबाद ही ठिकाणे एका माळेत ओवून तीर्थपर्यटन हाच जिल्ह्याचा विकास, असे गणित मांडले जात आहे. जमैकाचा अनुभव सांगतो की पाहुणे वाढले म्हणजे गावाची उन्नती झाली असे होत नाही. जमीन कोणाच्या हाती गेली, पाणी कोणाला मिळाले आणि मजुरी कोणी ठरविली, यावर ते अवलंबून असते. म्हणून कार्यकर्त्यांनी काही मागण्या हाती घ्याव्यात. निवासस्थाने, हॉटेले व वाहतूक यांत राबणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाची नोंद हजेरीपटावर व्हावी आणि त्याला किमान वेतन व भविष्यनिर्वाह निधी मिळावा. नव्या यात्रिनिवासाला परवानगी देताना त्याला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे यावा. टंचाईच्या महिन्यांत गावाचा हंडा आधी भरावा. शेतजमिनीचे रूपांतर ग्रामसभेच्या संमतीवाचून होऊ नये.

पाण्याच्या अशा हिशेबाचा आदर्श जिल्ह्यातच आहे. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पीक ठरविण्याची पद्धत रुजविली आणि देशोदेशीचे लोक ते पाहावयास येतात. तेथे येणारा परदेशी माणूस वही घेऊन येतो आणि गावकरी त्याला शिकवितो. गरिबीचे सौंदर्य पाहण्याऐवजी गरिबीशी झालेली झुंज तो पाहतो. पाहुणा तोच, पण गावाने स्वतःचे काम उभे केल्यामुळे नजर बदलली. मेहेराबादच्या यात्रेकरूंनाही अरणगावच्या तरुणांनी आपले शिवार दाखवावे. ऊसतोड्यांच्या मुलांची शाळा, मे महिन्यातील विहीर यांविषयी सांगावे. त्यांच्या देशातील बेकारी, वार्धक्य, वर्णद्वेष यांविषयी विचारावे. भिक्षा मागू नये, तसे तोंडही फिरवू नये.

रास्ता लोकांच्या बोलीत एक लक्षणीय प्रयोग आहे. ‘तू आणि मी’ किंवा ‘आम्ही’ म्हणण्याऐवजी ते ‘मी आणि मी’ म्हणतात. समोरचा माणूसही ‘मी’च आहे, त्याला निराळा मोजावयाचा नाही, हा त्यातला भाव. मराठीला याकरिता नवा शब्द घडवावा लागत नाही. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. टेकडीवर एकमेकांना ‘जय बाबा’ म्हणणारे दोघे अजून ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च आहेत. ते ‘आपण’ व्हावयाचे तर गोड शब्दांनी भागणार नाही. पारपत्र, मजुरी आणि पाणी या तिन्ही बाबतींतली विषमता मोडण्याच्या कामाला हात घालावा लागेल. ते काम करण्यासाठीच चळवळ आहे.